देकासेगी : सेंदाईच्या परिसरातील घरे आणि पैशाच्या वाटा

जपानच्या होन्शू या मुख्य बेटाच्या ईशान्य टोकाला आओमोरी, इवाते, आकिता, यामागाता, मियागी आणि फुकुशिमा असे सहा प्रांत आहेत. त्यांना मिळून तोहोकु, म्हणजे सरळ अर्थाने ‘ईशान्य’, असे म्हणतात आणि या साऱ्या मुलखाचे सर्वांत मोठे शहर सेंदाई हे मियागी प्रांताची राजधानी आहे. या भागातील शेतकरी घरांचा गेल्या शतकभराचा जमाखर्च समजून घ्यायचा तर ‘देकासेगी’ या एका शब्दापासून सुरुवात करावी लागते. बाहेर जाऊन कमावणे एवढाच त्याचा अर्थ असला, तरी बाहेर गेलेला माणूस हंगाम संपला की परत येणार, हे त्यात गृहीत असते. घर, शेत, पितरांचे देवघर आणि गावाच्या नोंदवहीतील नाव जागेवरच राहते आणि घरातला एक कमावता हात तेवढा काही महिन्यांसाठी दूर जातो. कोकणातला चाकरमानी मुंबईला राहून गावाकडे मनीऑर्डर पाठवत असे, तेव्हा तोही घर हलवत नव्हता, ताणत होता. फरक एवढाच, की चाकरमान्याची गिरणी बारमाही चाले आणि त्याचे घरी येणे शिमग्या-गणपतीपुरते असे, तर ईशान्य जपानचा शेतकरी पेरणीपासून कापणीपर्यंत शेतकरीच असे आणि केवळ बर्फाच्या महिन्यांत मजूर होई.

या मुलखातून संपत्ती बाहेर वाहण्याची रीत मात्र देकासेगीपेक्षा पुष्कळ जुनी आहे. १६०० च्या सुमारास दाते मासामुने या सरदाराने सेंदाईत किल्ला आणि शहर वसवले आणि त्याच्या संस्थानाचे उत्पन्न अधिकृत मोजणीनुसार ६ लाख २० हजार कोकू धरले गेले. कोकू हे सुमारे १८० लिटरचे धान्याचे माप असून, एका माणसाला वर्षभर पुरेल इतका तांदूळ त्यात बसतो, असा ढोबळ हिशेब असे. किताकामी नदीचा प्रवाह १७ व्या शतकाच्या पूर्वार्धात कावामुरा मागोबेई याच्या देखरेखीखाली वळवून तिच्या मुखाशी इशिनोमाकी हे बंदर विकसित झाले आणि तेथून सेंदाईचा तांदूळ जहाजांनी एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला, जाऊ लागला. संस्थान वसंतात शेतकऱ्यांना आगाऊ रक्कम देई, सुगीनंतर करापलीकडचा उरलेला तांदूळ ठरल्या भावाने स्वतःच उचली आणि एदोच्या बाजारात तो विकून आपली तिजोरी भरी. धान्य उभे राहण्यापूर्वीच विकले जाण्याचा हा व्यवहार भरभराटीच्या वर्षी दोघांनाही सोयीचा वाटे. १७८० च्या दशकातील तेन्मेई दुष्काळात मात्र, एदोच्या ताटात सेंदाईचा भात वाढला जात असताना तो पिकवणाऱ्या मुलखाची कोठारे रिकामी राहिली आणि १७८३ साली खुद्द सेंदाई शहरात तांदळावरून दंगा झाला.

१८६८ च्या यादवी युद्धात सेंदाई संस्थान पराभूत पक्षाच्या अग्रभागी होते, त्याची शिक्षा म्हणून त्याचे उत्पन्न २ लाख ८० हजार कोकूंवर आणले गेले आणि पोटापाण्याचे साधन गमावलेल्या सामुराई घराण्यांपैकी काहींनी उत्तरेचे होक्काइदो बेट गाठले. वातारी येथील दाते कुनिशिगे १८७० पासून आपल्या आश्रितांना कुटुंबांसह तेथे घेऊन गेला आणि त्यांनी वसवलेले गाव आज दाते याच नावाचे शहर आहे. ही खरी स्थलांतरे होती, घरेच्या घरे उठून गेली. विजयी नैऋत्येकडच्या लोकांनी तोहोकुच्या दक्षिण वेशीवरील शिराकावाच्या नाक्यापलीकडचा सगळा मुलूख कवडीमोलाचा आहे अशी हेटाळणी चालवली होती आणि तिला उत्तर म्हणून १८९७ साली सेंदाईत निघालेल्या वृत्तपत्राने त्याच म्हणीतील शब्द उचलून आपले नाव ‘काहोकु शिम्पो’ ठेवले. काहोकु म्हणजे नाक्याच्या उत्तरेकडचा मुलूख. नाव ठेवण्यातला हा ताठा पुढे आर्थिक वस्तुस्थितीला फारसा बदलू शकला नाही, हा भाग वेगळा.

१८७३ च्या जमीनसुधारणेने धान्यातला कर बंद करून जमिनीच्या ठरवलेल्या किमतीच्या ३ टक्के कर रोखीने भरण्याची सक्ती केली आणि १८८७ साली तोक्योहून निघालेला लोहमार्ग सेंदाईला पोचला. तो १८९१ मध्ये आओमोरीपर्यंत गेला. रोख पैशाची गरज आणि तो मिळवायला जाण्याचा रस्ता या दोन्ही गोष्टी दीड-दोन दशकांत एकापाठोपाठ आल्या, तरी हिवाळ्यात बाहेर पडण्याची वाट आधीपासूनच मळलेली होती. इवाते प्रांतातील नान्बु भागाचे तोजी, म्हणजे साके या तांदळाच्या मद्याच्या भट्टीचे मुख्य कारागीर, सुगी आटोपली की आपल्या गावच्या माणसांची टोळी घेऊन दूरदूरच्या भट्ट्यांवर जात आणि वसंतात परत येत. होक्काइदोच्या किनाऱ्यावर वसंताच्या तोंडाशी हेरिंग मासळीचे थवे येत, त्या हंगामासाठीही ईशान्येच्या किनाऱ्यावरून माणसे जात. ही दोन्ही कामे भाताच्या पंचांगात चपखल बसत होती, म्हणून ती शेतीची शत्रू ठरली नाहीत.

येथे घराच्या रचनेविषयी थोडे सांगणे भाग आहे. १८९८ च्या नागरी संहितेने घरप्रमुखाचा वारसा थोरल्या मुलाकडे सोपवण्याची रीत कायद्यात आणली. थोरला शेत आणि आईबाप सांभाळी, धाकट्यांना एक तर दत्तक जावे लागे किंवा गाव सोडावे लागे. दुसऱ्या महायुद्धानंतर कायद्याने वारसाहक्क समान केला, पण शेतकरी घरांत जुनी रीत बरीच टिकली, कारण सरासरी हेक्टरभराच्या शेताचे तुकडे करून कोणाचेच पोट भरले नसते. म्हणून ईशान्येकडच्या प्रत्येक घरात एकाच वेळी दोन वेगळ्या स्थलांतरांचे हिशेब चालत. धाकट्यांचे जाणे कायमचे असे, थोरल्याचे हंगामी. धाकट्याच्या जाण्याने खाणारे एक तोंड कमी होई, थोरल्याच्या जाण्याने घरात रोकड येई. या दोहोंची गल्लत करून लिहिलेला इतिहास दोहोंवरही अन्याय करतो.

गावातला पैसा सेंदाईकडे कसा सरके याचा सर्वांत बोलका दाखला मायेयाची या गावचा आहे. तेथील सैतो घराणे हजार चोहून अधिक (एक चो म्हणजे जवळजवळ एक हेक्टर) जमीन बाळगून देशातील सर्वांत मोठ्या जमीनदारांत गणले जाई आणि त्या जमिनीवरची कुळे पिकाचा मोठा हिस्सा खंड म्हणून घालत. या घराण्याच्या सैतो झेन्एमोन याने १९२३ साली ३० लाख येन बाजूला काढून सेंदाईत सैतो होओनकाई हा न्यास स्थापन केला आणि त्याने तोहोकु साम्राज्य विद्यापीठातील संशोधनाला उदार हाताने पैसा पुरवला. पुढे जगभर घरांच्या छपरांवर दिसू लागलेला यागी अँटेना ज्या गटाच्या कामातून निघाला, त्या गटालाही या न्यासाचे साहाय्य होते. १९२८ मध्ये त्याच मायेयाचीत कुळांचा आणि जमीनदाराचा झगडा चिघळून अटका झाल्या. कुळांच्या खंडातून विद्युत्-विज्ञानाची प्रयोगशाळा उभी राहिली, असे म्हणणे थोडे सोपे करून सांगण्यासारखे होईल, पण खोटे होणार नाही.

१९३० च्या मंदीत रेशमाचा आणि तांदळाचा भाव एकदमच कोसळला, १९३३ च्या मार्चमध्ये सानरिकू किनाऱ्यावर त्सुनामी आली आणि १९३४ चा उन्हाळा थंडीने गेला. जून-जुलैत ईशान्येकडून येणारे ‘यामासे’ नावाचे थंड, दमट वारे दीर्घकाळ टिकले, तर भात पोटरीत आला तरी दाणा भरत नाही. अशा वर्षी कणसे उभी दिसतात आणि हाताला फोल लागतात. या वर्षांत ईशान्येकडची घरे ज्या मार्गाने रोकड मिळवत होती त्याला जपानी भाषेत ‘मिउरी’, म्हणजे देहाची विक्री, असे स्पष्ट नाव आहे. मुलीला कापडगिरणीत, खानावळीत किंवा कुंटणखान्यात पाठवताना बापाच्या हाती आगाऊ रक्कम पडे आणि ती फिटेपर्यंत मुलगी बांधलेली राही. ऊसतोडीच्या टोळीला मुकादमाकडून मिळणारी ‘उचल’ ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या व्यवहाराचे यंत्र निराळे समजावून सांगायला नको. यामागाता प्रांतातील एका गावच्या कचेरीने, मुलगी विकण्याची वेळ आली तर आधी आमच्याकडे सल्ल्याला या, अशा अर्थाची पाटी लावली होती आणि तिचे छायाचित्र आजही त्या काळाच्या इतिहासांत छापले जाते. याच दशकात सरकारने गावे विभागून त्यांच्या शाखा मांचुरियात वसवण्याची मोहीम काढली आणि मियागीतील नांगो हे गाव त्या मोहिमेतील आदर्श म्हणून गाजवले गेले. १९४५ मध्ये त्या शाखांचे काय झाले, हा स्वतंत्र आणि भीषण विषय आहे.

युद्धानंतरच्या जमीनसुधारणेने कुळांचा प्रश्न बहुतांशी निकालात काढला. देशातील जवळजवळ निम्मी जमीन कुळांकडे खंडाने होती, ती १९५० पर्यंत दहाव्या हिश्श्याच्या आसपास आली. सैतोंसारख्यांची सद्दी संपली आणि कालचे कूळ आजचा मालक झाले, पण शेत होते तेवढेच राहिले आणि धाकट्यांचा प्रश्न तसाच उरला. १९५४ च्या एप्रिलमध्ये आओमोरीहून तोक्योच्या उएनो स्थानकाकडे एक खास आगगाडी निघाली. तिच्यात नुकतीच नववी पूर्ण केलेली, पंधरा वर्षांची मुलेमुली होती आणि उएनोच्या फलाटावर दुकानदार व छोट्या कारखान्यांचे मालक त्यांना न्यायला उभे होते. ‘शुदान शुशोकु’, म्हणजे सामुदायिक नोकरभरती, असे नाव मिळालेल्या या प्रथेत शाळा आणि रोजगार कचेरी मिळून मुलांच्या जागा ठरवत. अशा गाड्या १९७५ पर्यंत धावल्या. वर्तमानपत्रांनी या मुलांना ‘सोन्याची अंडी’ म्हटले. अंडी घालणारी कोंबडी कोण, हे मात्र कोणी विचारले नाही.

थोरल्यांची पाळी त्यानंतर आली. १९५० च्या दशकाच्या मध्यास होक्काइदोची हेरिंग मासळी येईनाशी झाली आणि त्याच सुमारास तोक्योत रस्ते, भुयारी रेल्वे, धरणे आणि इमारती यांच्या बांधकामाला ऊत आला. १९६४ च्या ऑक्टोबरात ऑलिम्पिक भरायचे होते आणि त्याआधी शिन्कान्सेन ही नवी आगगाडी तोक्यो ते ओसाका धावायची होती. मियागीच्या उत्तरेकडील कुरिहारा आणि तोमे या ‘गुन’मधून (गुन म्हणजे आपल्या तालुक्यासारखा ग्रामीण विभाग) आणि त्याहून कितीतरी मोठ्या संख्येने आकिता, आओमोरी, इवाते व यामागातातून, भात मळून झाल्यावर नोव्हेंबरात पुरुष निघत आणि रोपवाटिका घालण्यापूर्वी, मार्च-एप्रिलात, परतत. राहण्याची सोय बांधकामाच्या जागी उभारलेल्या ‘हान्बा’त, म्हणजे लाकडी फळ्यांच्या खोपट्यांत असे. ठेकेदार जेवण-राहण्याचे पैसे मजुरीतून कापून घेई, आणि ठेक्याखाली पोटठेका, त्याखाली आणखी पोटठेका अशी उतरंड असल्याने अपघात झाला किंवा मजुरी बुडाली, तर जबाबदार नेमका कोण हे शोधणेच अवघड जाई. पैसा घरी येई तो टपालखात्याच्या ‘गेन्किन काकितोमे’ने. ही नोंदणीकृत पाकिटातून नोटाच पाठवण्याची सोय होती आणि महिन्याच्या ठरावीक दिवसांत गावचा पोस्टमन त्या पाकिटासाठी वाट पाहणाऱ्या घरांच्या ओळखीचा होई. पाकिटे यायची थांबली की काय समजायचे, यालाही शब्द होता : ‘जोहात्सु’, बाष्पीभवन. माणूस मेला नाही, पळाला असेही कोणी म्हणत नाही, तो वाफ होऊन गेला.

या घरांच्या वर्षाचा हिशेब मांडला तर त्यात तीन पिके दिसतात. पहिले पीक भाताचे. १९४२ च्या अन्ननियंत्रण कायद्याने सरकार ठरावीक दराने तांदूळ विकत घेई आणि ती रक्कम नोक्यो या कृषी सहकारी संस्थेतील खात्यावर जमा होई. दुसरे पीक हिवाळ्याच्या मजुरीचे. तिसरे पीक जरा विलक्षण होते : बेकारी विमा. सहा महिने विम्याचा हप्ता भरलेल्या मजुराला काम सुटल्यावर सुमारे तीन महिने भत्ता मिळे. त्यामुळे हान्बातून परतलेला शेतकरी भाताच्या लावणीच्या दिवसांत कायद्याच्या नजरेने बेकार असे, चिखलात गुडघाभर उभा राहून. कायदा शहरी कामगारासाठी केलेला होता आणि ईशान्येने तो आपल्या पंचांगाला जुळवून घेतला. या चतुराईला फसवणूक म्हणावे, की शहराने खेड्याला उशिरा दिलेला खंड म्हणावे, याविषयी तोक्योतले अधिकारी आणि सेंदाईतले पुढारी यांचे एकमत होणे शक्यच नव्हते. १९७४ साली झालेल्या आणि पुढच्या वर्षी अमलात आलेल्या रोजगार विमा कायद्याने हंगामी मजुरांना वेगळे काढून ५० दिवसांच्या भत्त्याएवढी एकरकमी रक्कम ठरवून दिली. एवढ्याशा तांत्रिक बदलाने हजारो घरांच्या वसंतातील मिळकतीला कात्री लागली.

पैसा आला तो गेला कुठे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. पूर्वी लावणी आणि कापणी ‘युइ’ने होई. आपल्याकडची इर्जिक किंवा सावड ती हीच. पुरुष बाहेर जाऊ लागले आणि धाकटे उएनोला गेले तसे युइला हात उरेनात, म्हणून यंत्रे आली : आधी यांत्रिक हातनांगर, १९७० च्या आगेमागे लावणीयंत्र, मग कापणी-मळणीयंत्र. दहा आर, म्हणजे एक दशांश हेक्टर भाताला १९६० साली सुमारे १७० तास श्रम लागत, ते १९८० पर्यंत ६५ तासांच्या आसपास आले. वाचलेल्या वेळात अर्थातच आणखी मजुरी करायची होती, कारण यंत्राचे हप्ते फेडायचे होते. हेक्टर-दीड हेक्टरसाठी स्वतंत्र यंत्रसंच घेणाऱ्या या घरांच्या दशेला शेतीतज्ज्ञांनी ‘यंत्रांची गरिबी’ असे नाव दिले. शेत टिकावे म्हणून मजुरी सुरू झाली होती आणि मजुरीमुळेच शेताला यंत्र लागले, यंत्रामुळे पुन्हा मजुरी. हे चक्र १९६० च्या दशकात एवढे वेगाने फिरले, की देशातील सरासरी शेतकरी घराला शेतीपेक्षा शेतीबाहेरून जास्त मिळू लागले आणि सरकारी गणनेतील ‘दुसऱ्या प्रकारचे जोडधंदा-शेतकरी’, म्हणजे मुख्य उत्पन्न शेतीबाहेरचे असलेली घरे, सर्वांत मोठा वर्ग ठरली.

शेत प्रत्यक्षात कोण करत होते, हे १९६३ च्या सुमारास रूढ झालेल्या ‘सान-चान नोग्यो’ या शब्दातून कळते. जी-चान, बा-चान आणि का-चान, म्हणजे आजोबा, आजी आणि आई, अशा तीन ‘चान’ची ही शेती होती. सुनेच्या वाट्याला शेत, सासूसासरे, बर्फ ओढणे आणि मुलांचा अभ्यास एवढे सगळे आले, तरी नोक्योचे सभासदत्व आणि खाते बहुतेक वेळा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावरच राहिले. पाकिटातल्या नोटा मोजणारा हात तिचा असे, पण वहीतले नाव तिचे नसे. पुढच्या पिढीतील मुलींनी शेतकरी घरात लग्न करून जायला नकार दिला आणि १९८० च्या दशकात यामागाताच्या काही गावांना फिलिपाइन्समधून वधू आणण्यापर्यंत मजल मारावी लागली, ती याच वहीच्या हिशेबाने.

कामगार मंत्रालयाच्या मोजणीत देकासेगी मजुरांची संख्या १९७२ साली ५ लाख ४९ हजारांवर, म्हणजे शिखरावर पोचली. त्याच वर्षी बर्फाच्या निइगाता प्रांतातून आलेला तानाका काकुएइ पंतप्रधान झाला आणि उद्योग व रस्ते देशभर पसरवून हिवाळ्यात घर सोडण्याची वेळ आणायची नाही, असा कार्यक्रम त्याने मांडला. पुढच्या वर्षीच्या तेलसंकटाने महानगरांतील बांधकाम मंदावले, १९७० पासून सुरू झालेल्या ‘गेन्तान’ धोरणाने भाताचे क्षेत्र घटवायला लावले आणि गावाजवळच सरकारी रस्त्या-पुलांची कामे निघाली. देकासेगी त्यामुळे ओसरली. १९७० च्या आसपास सर्रास दिसणारी गोष्ट २००० नंतर अपवाद झाली. १९८२ च्या जूनमध्ये तोहोकु शिन्कान्सेन सुरू झाली. मुंबईतल्या गिरणी कामगारांच्या संपाने कोकणातल्या मनीऑर्डरी आटल्या तेही हेच वर्ष. एका मुलखाला महानगराशी बांधणारी दोरी तुटत होती, दुसऱ्याची अधिक घट्ट होत होती.

घट्ट झालेल्या या दोरीची गाठ सेंदाईत बसली. १९६४ मध्ये सेंदाई उपसागराचा भाग ‘नवे औद्योगिक शहर’ म्हणून घोषित झाला होता, पण शहर वाढले ते कारखान्यांवर नव्हे, शाखांवर. तोक्योतील बँका, विमा कंपन्या, घाऊक व्यापारी आणि मंत्रालये यांची ईशान्य विभागाची कार्यालये येथे आली, म्हणून या अर्थकारणाला ‘शाखा-अर्थकारण’ म्हणतात. वरिष्ठ अधिकारी कुटुंब तोक्योत ठेवून दोन-तीन वर्षे एकटेच येथे राहतात आणि पगाराचा मोठा भाग घरी धाडतात. शेतकऱ्याच्या पाकिटाची दिशा उलटी झालेली ही देकासेगीच आहे, फक्त तिला ‘तान्शिन फुनिन’, म्हणजे एकट्याची बदली, असे सभ्य नाव आहे. आसपासची गावे सामावून घेत सेंदाई १९८९ मध्ये विशेष दर्जाचे महानगर झाले आणि २०२० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या १० लाख ९६ हजार भरली. ईशान्येतील तरुण तोक्योला वाहून जाऊ नयेत म्हणून अडवणारे हे ‘धरण’ आहे, असे नियोजनकार म्हणतात. सहा प्रांतांतील मुले येथे शिकायला येतात हे खरे, परंतु शिक्षण संपल्यावर त्यांतील बरीच तोक्योची गाडी धरतात. धरण पाणी साठवते तसे गळतेही, आणि वरच्या ओढ्यांना तर ते काहीच परत देत नाही.

कुरिहाराचे उदाहरण त्या वरच्या ओढ्यांचे आहे. तेथील होसोकुरा ही शिसे-जस्ताची खाण १९८७ मध्ये बंद झाली, १९९० मध्ये शिन्कान्सेनचे कुरिकोमा-कोगेन स्थानक उघडले, २००५ मध्ये दहा गावे-नगरे एकत्र होऊन गुनचे शहर झाले आणि २००७ मध्ये खाणीपर्यंत जाणारी छोटी रेल्वे थांबली. विलीनीकरणाच्या वेळी सुमारे ८० हजार असलेली लोकसंख्या २०२० मध्ये ६५ हजारांच्या आत आली. या घरांत आज बाहेरून येणारा पैसा मुलाच्या पाकिटातून येत नाही. तो वृद्धांच्या निवृत्तिवेतनातून, केंद्राने १९५४ पासून चालवलेल्या करवाटपाच्या अनुदानातून आणि २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘फुरुसातो नोझेई’तून येतो. शहरवासीयाने आवडत्या गावाला देणगी द्यावी आणि त्या बदल्यात आपला कर कमी करून घ्यावा, अशी ही योजना आहे. मूळ गावाविषयीची ओढ कायद्यात बसवताना सरकारने कोणतेही गाव निवडायची मुभा ठेवली, त्यामुळे गावे तांदूळ, मांस आणि मासळीच्या भेटींनी दाते ओढण्याच्या स्पर्धेत उतरली.

शेत मात्र पिकत राहिले. १९६३ मध्ये मियागीच्या फुरुकावा संशोधन केंद्रात निघालेले सासानिशिकी हे वाण १९९३ च्या थंड उन्हाळ्यात इतके बसले, की त्या वर्षी सर्वसाधारण उत्पादन १०० धरले तर मियागीचे उत्पादन ३७ वर आले. पण १९३४ सारखी पाटी कोणा कचेरीला लावावी लागली नाही, कारण तोवर बहुतेक घरांच्या ताटातील भात शेतावर अवलंबून उरला नव्हता. २०११ च्या ११ मार्चला भूकंप आणि त्सुनामी आल्यानंतर पुनर्बांधणीसाठी देशभरचे मजूर सेंदाईत उतरले. शंभर वर्षे हान्बांना माणसे पुरवणाऱ्या मुलखातच आता हान्बा उभे राहिले.

‘देकासेगी’ हा शब्द त्याआधीच समुद्रापार गेला होता. १९९० मध्ये इमिग्रेशन कायदा बदलल्यावर ब्राझीलमधील जपानी वंशाचे लोक जपानी कारखान्यांत कामाला येऊ लागले आणि पोर्तुगीज भाषेने हा शब्द आपल्यात घेतला. इशिनोमाकी आणि केसेन्नुमाच्या मासळी-कारखान्यांत, ज्या किनाऱ्यावरून एके काळी एदोला तांदूळ गेला आणि पुढे होक्काइदोला माणसे गेली, तेथे १९९३ पासूनच्या तांत्रिक प्रशिक्षण योजनेखाली चीन, इंडोनेशिया आणि व्हिएतनाममधील तरुण-तरुणी मासे कापतात. त्यांतील पुष्कळ जण निघण्यापूर्वी दलालाला द्यायच्या रकमेचे कर्ज घेऊन आलेले असतात, पहिल्या काही महिन्यांची मजुरी त्यातच जाते आणि त्यानंतर घरी पैसे जाऊ लागतात. २०२४ मध्ये संसदेने ही योजना गुंडाळून तिच्या जागी २०२७ पासून नवी व्यवस्था आणण्याचा कायदा केला असून, मालक बदलण्याची मुभा आणि दलालीच्या रकमेला मर्यादा हे तिच्यातील वादाचे मुद्दे आहेत.